कुठल्या डोळ्याचा रंग

मिठबावात कुणाकडे लग्नकार्य निघालं की साड्या घ्यायला सावित्री लोकेला बरोबर न्यायची पद्धत होती. तिला रंगातलं कळतं, असं सगळे म्हणायचे. त्यामुळे मुलीच्या, भक्तीच्या साखरपुड्यासाठी घर रंगवायचं ठरलं, तेव्हा रंग कोण निवडणार हा प्रश्नच नव्हता. नवरा हरिश्चंद्र तिला जामसंड्याच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदाराने शेडकार्ड पुढे ठेवलं. सावित्रीने त्यावरून एकदा नजर फिरवली आणि बोट ठेवलं.

"ह्यो. बाहेरच्या खोलीक ह्योच. ताज्या लोण्यासारखो पिवळसर आसा."

तेवढ्यात उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. ऑपरेशन नीट झालं. डाव्या डोळ्याचं नंतर करायचं ठरलं. घरात धूळ नको म्हणून सावित्री काही दिवस बहिणीकडे राहिली, काळा चष्मा लावून, थेंब घालून घेत. तोपर्यंत रंगारी सत्यवानाने भिंती घासून, भेगांत लांबी भरून पहिला हात मारायला घेतला होता.

सावित्री घरी आली. दारातच चष्मा काढला आणि समोरच्या भिंतीकडे बघत उभी राहिली.

"सत्यवाना, खंयचो डबो आणलंस रे ह्यो?"

"तुम्ही सांगलास तोच, काकी."

"माका पिशी समाजतंस? मी लोण्याचो रंग सांगलंय. ह्यो हॉस्पिटलासारखो पांढरोफटक."

सत्यवानाने ब्रश खाली ठेवला आणि शेडकार्ड आणलं. तिने बोट ठेवलेल्या चौकोनावर दुकानदाराने पेनाने खूण केली होती, ती तशीच होती. डब्यावरचा नंबरही तोच. पण सावित्रीने कार्ड हातात घेऊन उजेडात धरलं. कार्डावरचा चौकोनही पांढरा होता.

"ह्या कार्ड त्या न्हय," ती म्हणाली.

"काकी, आता कार्ड कोण बदलतलो?" सत्यवान दुखावला होता.

हरिश्चंद्र पेपर बाजूला टाकून आला. त्याने कार्ड पाहिलं, भिंत पाहिली. "दुकानात होतो तसोच तर आसा गो."

हे दोघं काहीतरी ठरवून आपल्याला फसवतायत असं क्षणभर सावित्रीच्या मनात आलं, आणि लगेच त्याची लाजही वाटली. रंगाच्या वासाने उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं. तिने तो पदराने झाकला, आणि भिंत लोण्याची झाली.

पदर काढला. पांढरी.

पुन्हा झाकला. लोणी.

प्लॅस्टिक घातलेल्या खुर्चीवर ती बसली. ऑपरेशन बिघडलं, एवढंच तिला वाटलं. ते हरिश्चंद्राला सांगायचा धीर होईना. पाणी प्यायला म्हणून ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे सून, आकांक्षा, खोबरं किसत होती. तिच्या मागच्या भिंतीकडे सावित्रीचं लक्ष गेलं आणि पाण्याचा तांब्या हातातच राहिला.

"आकांक्षा, ह्या भिंतीक कोणी रंग दिलो?"

"आई, तुमच्या मनात काय आसा? तुम्हीच नाय काय निवडलास, माझ्या रियाच्या बारशाक?"

"मी कैरीचो निवडलंय. ह्यो खंयचो आसा? खरा सांग."

आकांक्षाने किसणी थांबवली. वळून भिंतीकडे बघितलं. मग म्हणाली, "निळो."

"निळो म्हणजे कसो?"

"होडीक मारतत ना, तसो."

तसाच होता. भडक, चकचकीत, किनाऱ्यावर उलट्या घातलेल्या होड्यांसारखा. सावित्रीने उजवा डोळा झाकला. भिंत निवली, हिरवट झाली. ह्याच कैरीच्या रंगाचं तिने शेजारणींना बोलावून कौतुक केलं होतं.

"मगे तेवा बोलूक कित्याक नाय गो?"

"तुमका रंगातला कळता असा सगळी म्हणतत. माका वाटला, माझाच कायतरी चुकता. ह्यांका विचारलंय, तर ते म्हणाले, आईक कैरीचो दिसता ना, मगे कैरीचो."

सावित्रीने तिला डोळ्यांचं सांगितलं. आकांक्षाने हात पुसले आणि लगेच हॉस्पिटलात फोन लावून सगळं सांगितलं, मग फोन सासूच्या कानाशी धरला.

"घाबरू नका, काकू," पलीकडून नर्स म्हणाली. "मोतीबिंदू पिवळट असतो. इतकी वर्षं तुम्ही त्यातून बघत होता. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने दिसतो तो रंग खरा."

"म्हणजे दुसऱ्या डोळ्याचा खोटा?"

"त्याही डोळ्याचं ऑपरेशन होणारच आहे ना आता. मग दोन्हीकडून सारखं दिसेल."

आपला डोळा शाबूत आहे एवढं ऐकून सावित्रीचा जीव भांड्यात पडला. पण गोंधळ वाढलाच. ती घरभर एकेक डोळा झाकत फिरली. दारातली अबोली, हरिश्चंद्राचा बनियन, कपाटातल्या तिच्या साड्या. एक साडी ती दुधी म्हणून नेसायची, ती चक्क फिकट जांभळी होती. किती लग्नांत तिने किती जणींना काय काय घ्यायला लावलं असेल? त्या बायकांनी ते आवडीने नेसलं, की तिच्या शब्दाखातर? कुणाला विचारायचं, आणि विचारलं तरी खरं कोण सांगणार?

"पांढरो रवांदे," हरिश्चंद्र म्हणाला. "पाहुण्यांका पांढरो काय वायट दिसतलो?"

"पण माका पांढरो नको होतो."

"मगे तुका काय व्हया?"

तेच तर तिला सांगता येईना. तिला हवा होता तो रंग दुकानात नव्हताच. तो फक्त तिच्या डोळ्यात होता, आणि महिन्याभरात तो डोळाही साफ होणार होता. खिडकीपाशी जाऊन तिने एकेक डोळा झाकून पुन्हा भिंतीकडे बघितलं. मग तिने सत्यवानाला हाक मारली.

"रंगात मिसळूक पिवळो स्टेनर आसा तुझ्याकडे?"

सत्यवानाने छोट्या बादलीत रंग घेतला, पिवळ्याचे थेंब टाकले, ढवळलं आणि कोपऱ्यात पट्टा ओढला. सावित्री उजवा डोळा झाकून पांढरी भिंत बघायची, मग डावा झाकून नवा पट्टा.

"अजून वायच."

आणखी थेंब, आणखी पट्टा.

"काकी, दोनी डोळे उघडे ठेवन बघा मा," सत्यवान कंटाळून म्हणाला.

"दोनी उघडले की कायच कळणा नाय रे."

एक पट्टा फारच पिवळा झाला, म्हणून पुन्हा पांढरा घातला. त्यानंतरच्या पट्ट्यावर ती थबकली. डाव्याने भिंत, उजव्याने पट्टा. पुन्हा डाव्याने, पुन्हा उजव्याने. सारखे होते, निदान तिला तसं वाटलं. तोच पट्टा डाव्या डोळ्याने बघितला, तर हळदीसारखा दिसत होता. तिने तो डोळा मिटून घेतला.

"ह्यो लाव."

आकांक्षा बाहेर येऊन पट्ट्याजवळ उभी राहिली. "तुमका असो दिसत होतो, आई?"

"होय."

"बरो आसा ओ. मऊ दिसता."

सावित्रीने तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. खरं बोलतेय की मन राखतेय, ते काही कळलं नाही.

साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात खोली रंगवून झाली. पडदे राहिले होते. देवेशने, मुलाने, ओरोसहून येताना दोन कापडं आणली, एक विटकरी आणि एक पोपटी. आकांक्षाने ती सवयीने सासूपुढे ठेवली. सावित्रीने दोन्ही हातात घेतली, एक डोळा झाकायला पदर उचलला आणि पुन्हा खाली सोडला. कापडं तिने सुनेच्या मांडीवर ठेवली.

"तुका खंयचा आवडता?"

"माका?" आकांक्षा म्हणाली. तिला ह्या घरात हे कुणी कधी विचारलं नव्हतं. तिने विटकरी उचललं, भिंतीला लावलं, खाली ठेवलं. मग पोपटी उचललं. मग दोन्ही.

"माका कळणा नाय ओ, आई," ती गोंधळून म्हणाली.

"रवांदे, बघ सावकाश," सावित्री म्हणाली, आणि तिच्या शेजारी बसून राहिली.