मंगळावरची विहीर मी दाखवली

मित्रांनो, मी एक जुना व्हीसीआर आहे आणि आधीच सांगून ठेवतो, माझा तुमच्यावरही फारसा विश्वास नाही. तुमच्यातल्या निम्म्यांना व्हीसीआर म्हणजे काय तेच ठाऊक नसणार. छोट्या पुस्तकाएवढी कॅसेट माझ्या तोंडात घालायची, मी तिच्यातली फीत फिरवायची, की टीव्हीवर चित्र दिसायचं. आता त्या कामासाठी मला कुत्रं विचारत नाही. म्हणून कोणी जवळ आलं की मला वाटतं, ह्याचा काय डाव आहे?

माझा जन्म जपानमधला. तिथून मी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एका भारतीय दुकानाच्या काचेत येऊन बसलो. त्या काळी भारतातल्या टीव्हीची चित्र दाखवायची पद्धत वेगळी आणि अमेरिकेतली वेगळी होती. त्यामुळे भारतातून आलेली कॅसेट इथल्या साध्या व्हीसीआरला वाचताच येत नसे. मला मात्र दोन्ही पद्धती येत होत्या. नागपूरहून नुकतेच नोकरीला आलेले एकनाथ काका मला त्यासाठीच जवळच्या पिस्कॅटवे गावी, घरी घेऊन आले.

काय थाट होता तेव्हा माझा! कोणाच्या बहिणीचं लग्न, कोणाच्या भाच्याचं बारसं, सगळं माझ्यातून बघायला माणसं डबे घेऊन यायची. त्यांच्या बायकोनं, शोभना काकूंनी, माझ्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं होतं. मग डीव्हीडी आली, फोन आले. त्यातच शेजारच्या गिरीशच्या मुंजीची कॅसेट माझ्या पोटात अडकून तुटली. ती आधीच बुरशीनं चिकटलेली होती हो, पण ऐकतो कोण? ‘हा कॅसेट खातो’ असं माझं नाव झालं. माझी रवानगी बेसमेंटच्या कोपऱ्यात झाली आणि डोक्यावर मनीप्लँटची कुंडी आली.

त्या बेसमेंटमध्ये अधूनमधून शनिवारी दुपारी मंडळी जमतात. जुन्या मराठी विज्ञानकथा आणि अद्भुतकथा वाचायच्या आणि त्यांच्यावर निघालेल्या मालिकांची चिरफाड करायची, हा त्यांचा छंद. पुण्याचा निमिष आयटीत आहे, राधिका इथल्या युनिव्हर्सिटीत संशोधन करते. लेखक नीलकंठ आसोदेकर म्हणजे दोघांचं दैवत. आसोदेकरांच्या ‘मंगळावरची विहीर’ ह्या कादंबरीवर नवी वेब सिरीज आली आणि चिवडा खाता खाता वादाला तोंड फुटलं.

“पुस्तकात रेणू पृथ्वीवर परत येते,” निमिष म्हणाला. “सिरीजवाल्यांनी बाकी सगळं चेंज केलं, पण एंडिंग तरी सोडलं.”

“टीव्हीवर आधी मालिका झाली होती ना, तिच्यात ती परत येत नाही,” काकू म्हणाल्या. “विहिरीपाशीच राहते. तिचं शेवटचं वाक्य होतं, ‘पाणी माझ्यापुरतं आहे, तुम्ही जा.’ मला पाठ आहे, कारण शेवटच्या भागात रेणू मी केली होती. आधीची मुलगी आजारी पडली, म्हणून मला कॉलेजच्या नाटकातून उचललं.”

निमिषनं फोनवर शोधलं. “काकू, सगळीकडे दुसऱ्याच अ‍ॅक्ट्रेसचं नाव आहे. आणि ती मालिका शेवटाआधीच बंद पडली असं फॅन्स म्हणतात.”

“बंद नव्हती पडली. माझ्या बाबांनी तो भाग रेकॉर्ड केला होता.”

तेव्हापासून हे काकू दर वेळी सांगायच्या आणि मंडळी दर वेळी एकमेकांकडे बघून हसायची. मलाही वाटायचं, काकू जरा रंगवून सांगतात. मंडळींचं हसणं काकू सोडून द्यायच्या. पण एकनाथ काकाही त्या वेळी चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसायचे, ‘ती खरं सांगतेय’ एवढं कधी म्हणायचे नाहीत. ते काकूंना फार लागायचं.

मग ह्या वर्षी काकूंच्या भावानं पुण्यातला वडिलांचा फ्लॅट रिकामा केला आणि ती कॅसेट सापडली. इकडे येणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेतून, भाजणी आणि मेतकुटाच्या पिशव्यांमधून, ती पिस्कॅटवेला पोचली. काकूंनी तिला कोणाला हात लावू दिला नाही. मी कुंडीखालून बघत होतो. आता माझी आठवण होईल असं मला उगाच वाटलं.

शनिवारी निमिष कुठल्याशा गराज सेलमधून, म्हणजे कोणाच्या तरी घरच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून, दुसराच व्हीसीआर घेऊन आला. चकचकीत, अमेरिकन.

“तुमचा जुना नको काकू, तो टेप खातो,” तो म्हणाला.

त्या चकचकीतानं कॅसेट घेतली आणि पडद्यावर नुसत्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या धावायला लागल्या. आवाज म्हणजे कोणीतरी घाईघाईनं गुळण्या करतंय असा. अरे, भारतातली कॅसेट आहे ती, त्याला कुठून वाचता येणार! मी आतल्या आत ओरडत होतो.

“टेप गेलीय काकू,” निमिष म्हणाला. “किंवा मग त्यात काही नव्हतंच.”

राधिकानं त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं. काकूंनी कॅसेट काढून घेतली, “बरं” म्हणाल्या आणि चहा टाकायला वर गेल्या. काका जिन्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “निमिष, जाताना तो कोपऱ्यातला डबापण रिसायकलिंगला टाक.”

बघा! मी म्हणत नव्हतो?

निमिषनं कुंडी बाजूला ठेवून मला उचललं. धूळ नाकात जायला लागली म्हणून बाहीनं माझा चेहरा पुसला, आणि तसाच थांबला.

“काका, ह्याच्यावर पाल आणि एनटीएससी, म्हणजे इंडियाची आणि इथली, दोन्ही सिस्टिम लिहिल्यात. इंडियाची टेप मी अमेरिकन प्लेअरमध्ये लावली. किती मूर्ख आहे यार मी.”

काकांनी कपाळावर हात मारला. “अरे, ह्यासाठीच तर घेतला होता हा. साफ विसरलो.”

काकूंना खाली बोलावलं. त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. गिरीशच्या मुंजीचं त्यांना आठवत असणारच. जगात एकच कॅसेट, तीही माझ्यासारख्या बदनाम माणसाच्या तोंडात द्यायची. राधिका म्हणाली, “काकू, कुठल्यातरी लॅबला पाठवू या का?”

“नको. लाव,” काकू म्हणाल्या. राधिकानं रेकॉर्ड करायला फोन धरला.

खरं सांगतो, त्या क्षणी माझा स्वतःवरही विश्वास नव्हता. इतक्या वर्षांत एक चाक हललेलं नाही. फीत हळूच ओढली, पोटात करकर झाली. आणि रंग आले! पुठ्ठ्याचा लाल डोंगर आला, विहीर आली, आणि विहिरीपाशी एक मुलगी. पण तिच्या चेहऱ्याला केसांपर्यंत चंदेरी रंग फासलेला.

“एपिसोड आहे तर,” निमिष पुटपुटला. “पण काकू, चेहरा कळतच नाहीये. ही कोणीही असू शकते.”

पडद्यावरच्या मुलीनं पोहरा विहिरीत सोडला, यानाकडे पाठ केली आणि म्हणाली, “पाणी माझ्यापुरतं आहे. तुम्ही जा.”

एकनाथ काका खुर्चीतून उठले.

“हीच आहे,” ते म्हणाले. “हे ‘तुम्ही जा’ मी लग्नापासून ऐकतोय. शॉपिंगला जायचं असलं की अस्संच म्हणते.”

सगळे हसले. निमिष “सॉरी काकू” म्हणाला. काका मात्र हसत नव्हते. “शोभना, मलापण खरं वाटत नव्हतं गं,” ते म्हणाले. काकूंनी पदर नव्हता म्हणून ओढणीनं डोळे पुसले.

“परत लाव,” त्या म्हणाल्या.

“काकू, रिवाइंड नको,” राधिका घाईनं म्हणाली. “फोनमध्ये आलंय सगळं. हा टेप खाईल.”

“नाही खाणार,” काकू म्हणाल्या. “त्याच्याबद्दलही लोक काहीबाही बोलतात.”

मित्रांनो, कोणी बरंवाईट बोललं म्हणून माणसाला किंवा यंत्राला अडगळीत टाकू नका. आधी धूळ पुसा, आमच्या अंगावर काय लिहिलंय ते वाचा, आणि आमचं एकदा ऐकून घ्या. मी तर आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेत आलो. पण त्या दुपारी काकूंनी स्वतःच्या हातानं माझं बटण दाबलं, आणि मी ती फीत जपून, अगदी हळूहळू, मागे नेली.