हिमकन्येचं जावळ

हिमधवल शिखरांवरून उन्हं उतरली, की अँडीजच्या कुशीतलं ते खेडं सोनसळी होतं. पाचशे वर्षांपूर्वीही होत असेल. उन्हं उतरत उतरत संग्रहालयाच्या खिडकीत येतात आणि थंडगार काचेपाशी थबकतात. काचेआड ती बसलेली असते. गुडघे पोटाशी घेतलेली, दहा वर्षांची, तेव्हाच्या कुणा राजाने पर्वताला बळी वाहिलेली, बर्फात जशीच्या तशी टिकलेली.

संग्रहालयाची राखणदार सातुर्निना म्हातारी दार उघडते आणि आधी तिची विचारपूस करते. म्हातारीला मूलबाळ नाही. साठवलेली सगळी माया तिने ह्या चिरनिद्रित पोरीवर ओतली. एकच प्रश्न तिला वर्षानुवर्षं खात होता: पोर उपाशी तर गेली नाही ना?

राजधानीतून एउलालिया आली, संशोधक बाई, हातात कात्री. एक बट हवी होती. काय खाल्लं, ते म्हणे केसांत महिन्यामहिन्याने उतरलेलं असतं.

म्हातारी आडवी आली. "आमच्यात लेकराचं जावळ जो काढतो, तो त्याचा धर्माचा आईबाप होतो. जन्मभर निभवावं लागतं. आहे तयारी?"

"आहे, आजी," एउलालिया म्हणाली. खरं सांगायचं तर, कामाच्या घाईत हो म्हणून मोकळी झाली.

बट कापून घेऊन गेली, ती परतली बटाट्याच्या काढणीत. शेताशेतांतून निळा धूर, भाजल्या मातीचा दरवळ.

"उपाशी नव्हती, आजी. शेवटचं अख्खं वर्ष मका आणि मांस, राजाघरचं ताट. त्याआधी नुसते बटाटे."

सातुर्निना हरखली नाही. तिला स्वतःची आई आठवली. तापल्या ढेकळांच्या भट्टीत आई बटाटे भाजायची, सोलायची, फुंकर घालून तळहातावर ठेवायची.

"म्हणजे वर्षभर आईच्या हातचं खाल्लं नाही गं तिनं," ती म्हणाली, आणि रडू लागली.

एउलालियाच्या आकड्यांत हे कुठेच नव्हतं. ती बाहेर गेली. शेतातून एक भाजका बटाटा मागून आणला. काचेसमोर मांडी घातली, चटके सोसत तो सोलला, हलकेच फुंकर घातली, आणि पोरीपुढे धरला.

काचेवर वाफ धरली. ती विरेपर्यंत दोघी तिथेच बसून राहिल्या.