झिजेचा तक्ता

खात्याचं नाव मी सांगणार नाही. ते आता त्या नावाने उरलेलंही नाही, आणि ज्यांनी तो तक्ता छापला ते पेन्शन खाऊन सुखाने गेले असतील. तक्ता मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. एकच पान. डावीकडे मैल, उजवीकडे रबर. अमुक मैल गाडी चालली की टायरच्या खाचेची अमुक खोली उरली पाहिजे. अठरा हजार मैलांपुढे शून्य.

सन बासष्ट. पांढरकवड्याला आमचा फिरता दवाखाना होता आणि मी त्याचा कारकून. दवाखाना म्हणजे एक मोठी वॅगन. पुढे ड्रायव्हर आणि डॉक्टर, मागे औषधाच्या पेट्या, कंपाउंडर, नर्सबाई, पाण्याचा पिंप, शिवाय वाटेत भेटेल तो पेशंट. जीपपेक्षा चांगली लांब आणि भरली की हत्तीसारखी जड. ही गाडी जंगलाच्या कडेला, कोलाम आदिवासींच्या वस्त्यांपर्यंत न्यायची आणि संध्याकाळी सगळ्यांना धडधाकट परत आणायचं, हे काम श्रावण मुनेश्वरचं होतं.

श्रावण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पलटणीत ट्रक चालवून आलेला. छप्पन साली नागपूरला जाऊन त्याने बुद्धधम्माची दीक्षा घेतली आणि पुढच्याच वर्षी आमच्याकडे लागला. त्याच्या वस्तीतली ती पहिली सरकारी नोकरी. पाच वर्षांत एक दिवस उशिरा आला नाही की एक शब्द जास्त बोलला नाही. मला तो थोडा गर्विष्ठच वाटायचा.

त्याचा गर्व टायरांत होता. दिवसभराचा दौरा संपला की तो एक रिकामा डबा पालथा घालून चाकाशेजारी बसायचा. छत्रीची एक काडी टोकाला वाकवून, घासून, लाकडी मुठीत बसवलेला त्याचा एक आकडा होता. त्या आकड्याने तो खाचेतला एकेक खडा काढायचा. मग बाभळीचे काटे. चारही चाकं फिरून झाली की पाचवं, जादाचं. प्रत्येक चाकावर खडूने नंबर लिहिलेला असायचा आणि दर दोन हजार मैलांना तो चाकांच्या जागा बदलायचा, म्हणजे सगळी सारखी झिजतील. हवा सकाळीच बघायची, गाडी हलायच्या आधी. तापलेल्या टायरची हवा खोटं बोलते, असं त्याचं म्हणणं. वावरातून जायची वेळ आली तर खाली उतरून पुढे चालत जायचा, कारण तूर कापल्यावर जे तिरपे खुंट उरतात ते भाल्यासारखे टायरच्या बगलेत शिरतात.

आमच्या ऑफिसासमोर डांबरी सडक होती. बाकीच्या गाड्या तिच्यावरून जाताना अडकलेल्या खड्यांचा टिक टिक आवाज यायचा. श्रावणची वॅगन आली की नुसती इंजिनाची घरघर. मी त्याला चिडवायचो, की बायकोच्या पायातले काटे तरी इतक्या मायेने काढतोस का रे बाबा. तो हसायचा नाही.

एप्रिलात तो माझ्या टेबलाशी आला.

"घनश्यामबाबू, पानी पडाच्या आधी दोन टायर मांगून घ्या. पुढचे. अर्धं रबर हाय, चालते, पन काळ्या मातीत अर्ध्यानं भागत नाई."

"कोनते लिहू?"

"अरुंद, खोल खाचेचे. पाह्यजो बरं, रुंद नोको. रुंद टायर चिखलाचा गोळा करते, मडगार्डात माती भरते, मंग चाकच फिरत नाई. अरुंद टायर माती कापून खाली मुरमाले लागते."

मी तसं मागणीपत्र लिहिलं. आणि इथे माझी अक्कल शेण खायला गेली. पत्र वजनदार व्हावं म्हणून मी खाली जोडलं, की गाडी सतरा हजार चारशे मैल चालूनही आमच्या ड्रायव्हरच्या उत्तम निगराणीमुळे टायरांचं अर्धं रबर शाबूत आहे. मला वाटलं, शाबासकी येईल.

टायर आले नाहीत. गाड्या तपासणारे साहेब आले.

साहेब तिकडचे, पश्चिम महाराष्ट्रातले. स्वच्छ पांढरा शर्ट, खिशात पितळी मोजपट्टी. त्यांनी पाचही टायरांच्या खाचा मोजल्या, तक्ता उघडला, बोट वरून खाली आणलं.

"इतकं रबर म्हणजे नऊ हजार मैल," ते म्हणाले. "तुमच्या वहीत सतरा हजार चारशे आहेत. उरलेले आठ हजार चारशे मैल कोणी चालवले?"

"याच गाडीने, साहेब," मी म्हणालो.

"मग टायर का झिजले नाहीत?"

मी दौऱ्याची वही दाखवली. प्रत्येक गावच्या पाटलाची सही, तारीख, वेळ. साहेब म्हणाले, सह्या मिळतात. डॉक्टरांनी सांगितलं की मी स्वतः गाडीत होतो. साहेब म्हणाले, तुम्ही मीटरकडे पाहत बसत नव्हता. मग श्रावण पुढे झाला. त्याने खिशातून तो आकडा काढला आणि साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"दात कोरल्याने आयुष्य वाढतं का हो?" ते मला म्हणाले, श्रावणला नाही.

जाताना शेरा लिहून गेले. मैल जास्त दाखवून पेट्रोल बाहेर विकल्याचा संशय. अठरा हजार पुरे झाल्यावर गाडी यवतमाळला फेरतपासणीला आणावी. तेव्हाही टायर आणि वही जुळली नाही, तर ड्रायव्हरला कामावरून काढून प्रकरण पोलिसांकडे द्यावं.

मला इतका राग आला की दुपारी जेवण गेलं नाही. साहेबांचा आला, आणि माझा स्वतःचा त्याहून जास्त. ते एक वाक्य मी लिहिलं नसतं तर पृथ्वी थांबली नसती.

संध्याकाळी श्रावणच्या घरी गेलो. तो दारात बसून होता. त्याच्या बायकोने, मथुराबाईंनी, पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "बाबूजी, त्या सायबानं यायले चोर म्हनलं का?"

"संशय हाय म्हनलं, वहिनी."

"आमच्या मानसावर संशय पुरे होते," त्या म्हणाल्या. "बाकीच्याईले मंग विचारतेत. आमाले आधी चोर ठरवतेत. आता वस्तीतलं एखांदं पोरगं नोकरी मांगाले गेलं, त लोकं यायचंच नाव घेतीन."

मी पाणी पिऊन उठलो.

मी दोन लांब पत्रं लिहिली. रस्ते, निगराणी, चाकांच्या जागा बदलणं, सगळं. दोन्हींना एकच उत्तर आलं: तक्ता सर्व गाड्यांना लागू आहे.

त्याच आठवड्यात वणीकडच्या आमच्या दुसऱ्या दवाखान्याचा ड्रायव्हर डोंगरसिंग औषधं न्यायला आला. हा लमाण गडी मनाने दिलदार, पण गाडी अशी हाणायचा की मागे बसलेली नर्सबाई उतरताना देवाचं नाव घ्यायची. त्याच्या वॅगनला चार कोरे टायर लागले होते. जुने बारा हजारातच फाटले होते. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं, कारण तक्त्यात टायर लवकर झिजले तर 'रस्ता खराब' असा एक रकाना होता. उशिरा झिजले तर रकानाच नव्हता.

त्याने सगळं ऐकलं आणि श्रावणच्या खांद्यावर हात ठेवला.

"भाऊ, कायले डोकं लावून राह्यला? पुढची चाकं जराशी तिरपी करून दे. हवा कमी कर. मांगचे चाकं गिट्टीवर ब्रेक मारून घास. जागा बदलत राह्य. पाचशे मैलात टकले होते बघ."

"मी टायर मारू?" श्रावण म्हणाला.

"टायर नाई मारला त तो सायब तुले मारीन."

"पलटणीत टायर मुद्दाम बिघडवला त कैद होती," श्रावण म्हणाला आणि पालथ्या डब्यावर जाऊन बसला. खडे काढायला लागला.

मी डोंगरसिंगच्या बाजूचा होतो. तसं मी श्रावणला सांगितलंही, एकदा नाही, चारदा. नोकरी राहिली तर इमान राहील, असलं काहीतरी बोललो. तो ऐकून घ्यायचा. मीटर सतरा हजार सहाशेवर गेलं. सातशेवर गेलं. आणि एका सकाळी, हवा बघायच्या वेळेला, तो टेबलाशी येऊन उभा राहिला.

"बाबू, किती झिजवू?"

मला कळेना.

"तक्त्यात अठरा हजाराले किती पाह्यजे ते सांगा. मापात झिजवतो. एक चाक कमी, एक जास्त झालं त पुन्हा तेच विचारतीन."

मी तक्ता काढून दाखवला: शून्य. त्याने काडेपेटीतली एक काडी घेतली, सगळी चाकं सारखी उतरावीत म्हणून तिच्यावर नखाने बारीक खुणा केल्या आणि खिशात ठेवली.

डॉक्टरांच्या कानावर मी घातलं. ते म्हणाले, मला काही ऐकू आलं नाही. पाटणबोरीच्या दौऱ्याला मी मुद्दाम गाडीत बसलो, का ते आजही नीट सांगता येणार नाही. एकट्याने हे करायला लावू नये, असं वाटलं असेल. वाटेत एक मैलभर नवी गिट्टी पसरलेली होती, अजून रोलर फिरायचा होता. आजवर ती दिसली की श्रावण गाडी खाली घेऊन वावराच्या बांधाने हळूच न्यायचा. त्या दिवशी परतताना, मंडळी पाटणबोरीला चहाला थांबली तेव्हा, त्याने रिकामी गाडी थेट गिट्टीवर घातली. वेग घ्यायचा, ब्रेक दाबायचा. चाकं जाम होऊन फरफटत जायची, जळक्या रबराचा वास यायचा. टोकाला गेलो की वळवायची आणि पुन्हा. दर दोन फेऱ्यांनी तो उतरायचा, काडी खाचेत घालून बघायचा आणि परत चढायचा. त्याचा चेहरा खडे काढताना असायचा तसाच होता. मला ते बघवेना. मी मान खिडकीबाहेर काढली, तर वासाने उलटी आली.

"बाबू, उतरून उभे राहा झाडाखाली," तो म्हणाला. "अजून चार फेऱ्या हाय."

मी उतरलो. झाडाखाली उभा राहून मोजल्या. चारच.

पंधरा दिवसांत असं त्याने आणखी तीनदा केलं. अठरा हजार पुरे झाले तेव्हा पाचही टायर तळहातासारखे गुळगुळीत होते आणि पाचही अगदी सारखे. यवतमाळला साहेबांनी पितळी पट्टी लावली, तक्त्यावर बोट ठेवलं आणि मान डोलावली. महिन्यापूर्वी यातच अर्धं रबर होतं, ते सहाशे मैलांत गेलं कुठे, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांना खरंच तो प्रश्न पडला नाही.

जूनच्या सुरुवातीला दोनच्या जागी चार नवे टायर आले. रुंद, उथळ खाचेचे, शहराच्या सडकेवरचे. माझं मागणीपत्र कोणी वाचलं नव्हतं. सोबत साहेबांचं पत्र होतं. मी श्रावणला बोलावून वाचून दाखवलं.

"पहिल्या वेळी मोजमापात चूक झाली असावी. फेरतपासणीत टायरांची झीज तक्त्याप्रमाणे आढळली. दौऱ्याची वही खरी मानण्यात येते. ड्रायव्हरने निगराणीत केलेली सुधारणा समाधानकारक असून ती त्याने अशीच चालू ठेवावी."

श्रावणने पत्राकडे बोट केलं.

"शेवटचं एकडाव वाचा."

मी शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. त्याने नीट ऐकलं. मग खिशातून छत्रीच्या काडीचा तो आकडा काढून माझ्या टेबलावर, त्या पत्रावर ठेवला.

"हे फायलीत लावून द्या," तो म्हणाला. "सायबाचा हुकूम हाय, त मानला पाह्यजे."

"श्रावणभाऊ, नोकरी वाचली. नाव वाचलं," मी म्हणालो. "आता कायले?"

"मथुरालेही तेच सांगतलं मी," तो म्हणाला, आणि जय भीम घालून गेला.

आकडा मी फायलीत कसा लावणार? खणात टाकला. पालथा डबा आठवडाभर कोणी हलवला नाही, मग एका बाईने पाण्यासाठी नेला. पुढच्या सोमवारी सकाळी दौरा निघाला तेव्हा मी खिडकीशी होतो. डॉक्टर बसले, नर्सबाई बसल्या, पेट्या चढल्या. गाडी फाटकातून डांबरी सडकेवर आली आणि मला आवाज आला. टिक, टिक, टिक. मागच्या डाव्या चाकात खडा होता. मला खिडकीतून ऐकू येत होता, म्हणजे त्याला येतच असणार. मी खण उघडला, आकडा हातात घेतला आणि थांबलो. गाडी थांबली नाही.