उजव्या अंगावर पडलेली सायकल

डॉक्टरबाईंची सायकल कुरकुरायला लागली तेव्हा त्यांनी तिच्याकडे सरळ कानाडोळा केला. "दुखायला लागलं की लगेच यायचं, वाट बघत बसायचं नाही," असं वीस वर्षं लोकांना सुनावणाऱ्या या बाईने स्वतः तीन आठवडे वाट बघितली.

त्या दातांच्या डॉक्टर. दिवसभर परक्यांच्या जबड्यात डोकावून मानेचं आणि कमरेचं पार भजं झालेलं. त्यावर उपाय म्हणून एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांनी वाकड्या हँडलची, काटकुळ्या टायरची, शर्यतीत चालवतात तसली सायकल घेतली. तिच्यावर बसायचं म्हणजे पुन्हा वाकायचंच, हे नवऱ्याने लगेच दाखवून दिलं. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा आणि घरात हवामान खातं चालवायचा. "तू पडशील," एवढं एकच भाकीत त्याने सायकलीबद्दल केलं होतं, पण रोज सकाळी न चुकता केलं होतं.

मागच्या चाकाला अकरा दातेरी चक्रं होती, लहानापासून मोठ्यापर्यंत. सपाट रस्त्यावर, लहान चक्रांवर चेन शहाण्यासारखी चालायची. चढ लागला आणि मोठ्या चक्रावर जायची वेळ आली की हिच्या अंगात यायचं. गिअर बदलला की एक 'खट्' व्हायला हवं. तिथे आधी नुसती खरखर, मग काहीच नाही, आणि डॉक्टरबाईंनी जीव खाऊन पॅडल मारलं की एकदम दोन चक्रं पलीकडे उडी. त्या क्षणी त्यांच्या तोंडून जे शब्द निघायचे ते दवाखान्यात कुणी कधी ऐकले नव्हते.

घरात तज्ज्ञ होताच. धाकटा दीर. त्याने याआधी दारावरची घंटा दुरुस्त केली होती आणि तेव्हापासून ती वाजली की स्वयंपाकघरातला दिवा जायचा. स्वतःची सायकल नव्हती, पण मोबाइलवर त्याने सायकलदुरुस्तीचे इतके व्हिडिओ बघितले होते की आता अज्ञान म्हणून काही उरलंच नव्हतं.

"वहिनी, केबल सैल पडलीय. दोन मिनिटांचं काम."

मागच्या बाजूला चेनला या चक्रावरून त्या चक्रावर ढकलणारा एक लोंबता हात असतो, त्याला डिरेलर म्हणतात. केबल तिथे जाते त्या तोंडाशी एक छोटी फिरकी असते. दिराने ती फिरवली. मोठी चक्रं सुधारली, लहान चक्रं बिघडली. उलटी फिरवली. लहान सुधारली, मोठी बिघडली. दोन मिनिटांचे दोन तास झाले.

"सगळंच एकदम कसं चालेल?" दीर कपाळाला ग्रीस लावत म्हणाला. "आयुष्यात काहीतरी सोडावंच लागतं."

"भावजी, मला आयुष्य नकोय, गिअर हवेत."

तेव्हा त्याला दोन बारीक स्क्रू दिसले. डिरेलरने आत किती जायचं आणि बाहेर किती यायचं, याची हद्द ते स्क्रू ठरवतात. दिराने हद्दच सैल केली. "आता हिला मोकळं वाटेल," असं वर म्हणाला.

रविवारी सकाळी टेकडीच्या रस्त्यावर तिला फारच मोकळं वाटलं. डॉक्टरबाईंनी सगळ्यात मोठ्या चक्रासाठी कळ दाबली आणि चेन ते चक्र ओलांडून पलीकडे, चक्र आणि चाकाच्या तारा यांच्या सांदीत जाऊन बसली. कर्रर्र असा आवाज झाला आणि चाक जागच्या जागी थांबलं. नशिबाने वेग गोगलगायीचा होता. एक पाय पॅडलमधून वेळेत सुटला, जमिनीला टेकला आणि बाई उभ्या राहिल्या. त्यांनी दिराच्या नावाने जे काय म्हटलं ते ऐकून शेजारून पळणारा एक माणूस रस्ता बदलून गेला.

टेकडीच्या पायथ्याशी सायकलदुरुस्तीचं एक दुकान होतं. चाक उचलून धरत, सायकल ढकलत डॉक्टरबाई तिथे पोचल्या. आत आडव्या बांध्याचा एक माणूस पाठमोरा उभा राहून चाकाच्या तारा कसत होता. वळला आणि त्याचं तोंड उतरलं.

तोंड डॉक्टरबाईंनीही ओळखलं. नाव आठवलं नाही, पण खालची उजवी दुसरी दाढ लख्ख आठवली. दोन वर्षांपूर्वी रूट कॅनाल अर्ध्यावर असताना हा माणूस "एक फोन घेऊन येतो" म्हणून खुर्चीतून उठला होता आणि गळ्यात बांधलेल्या दवाखान्याच्या निळ्या रुमालासकट जिना उतरून जो गेला तो गेलाच.

"मी येणारच होतो," सायकलवाला म्हणाला.

"फोन लांबला असेल."

त्याने सायकल स्टँडवर अडकवली, सांदीतून चेन सोडवली, पॅडल हाताने फिरवत एकेक गिअर टाकून बघितला, आणि बघता बघता माणूस बदलला. खांदे वर आले. भुवया जवळ आल्या. आवाज खाली गेला.

"आधी कुणी हात लावला होता हिला?"

हे डॉक्टरबाईंचं वाक्य होतं. याच सुरात, अस्सं चष्म्यावरून बघत त्या पेशंटला विचारायच्या.

"आमच्या दिरांनी."

"काय करतात?"

"विम्याचं काम."

सायकलवाल्याने लांब श्वास सोडला. मग मागे जाऊन, एक डोळा मिटून, डिरेलरकडे बघत राहिला. "उजव्या अंगावर पडली होती का ही?"

"नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना." हेही वाक्य डॉक्टरबाईंच्या ओळखीचं होतं. 'रोज दोनदा घासतो' म्हणणारे पेशंट याच चेहऱ्याने म्हणतात.

सायकलवाल्याने उजव्या पॅडलच्या टोकावर बोट ठेवलं. तिथे ओरखडा. मग सीटच्या उजव्या कडेवर. तिथे खरचटलेलं. मग हँडलच्या उजव्या टोकावर. तिथली टेप फाटलेली. तपासणी करावी तसा तो शांतपणे एकेक जागा दाखवत गेला आणि डॉक्टरबाईंचे कान लाल होत गेले.

"पडले होते," शेवटी त्या म्हणाल्या. "सिग्नलला. उभी असताना."

या सायकलीच्या पॅडलमध्ये बूट अडकतात. लाल दिवा लागला, सायकल थांबली, बूट सुटला नाही, आणि डॉक्टरबाई तोडलेल्या झाडासारख्या, अगदी सावकाश, उजवीकडे आडव्या झाल्या. शेजारी शाळेची बस उभी होती. खिडक्यांतून तीसेक पोरांनी टाळ्या वाजवल्या. घरी जाऊन नवऱ्याच्या भाकिताला पुरावा पुरवायचा? मेले तरी नाही, असं त्यांनी तिथेच ठरवलं होतं.

सायकलवाला हसला नाही. हे त्याचं मोठेपण, किंवा दुखरी दाढ. "हा बघा," त्याने बोटाएवढा एक पत्रा दाखवला. "हँगर. डिरेलर याला टांगलेला असतो. पडलात तेव्हा हा आत वाकला. टांगायची जागाच वाकडी, तर फिरकी फिरवून काय होणार? एका टोकाला जमवलं की दुसरं टोक जाणार. आणि त्यात तुमच्या दिरांनी हद्द सैल केली. पुढच्या खेपेला अख्खा डिरेलर तारांत गेला असता."

त्याने डिरेलर सोडवला, त्या भोकात एक लांब दांडी बसवली आणि ती चाकाच्या कडेशी चार ठिकाणी लावून बघितली. वरच्या बाजूला फट जास्त, खाली दांडी जवळजवळ टेकलेली. मग दांडी धरून बेताने दाबली. पुन्हा मापलं, पुन्हा दाबली. "सावकाश करावं लागतं. मऊ असतो. घाई केली तर तुटतो."

डॉक्टरबाई मन लावून बघत होत्या. हात चांगला होता. दवाखान्यात असा मदतनीस मिळाला असता तर, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. डिरेलर परत चढला, हद्दीचे स्क्रू जागेवर आले, फिरकी पाव-पाव वळणाने जुळली. मग त्याने पॅडल फिरवून अकराही गिअर चढवले, उतरवले. खट्, खट्, खट्.

काम झाल्यावर त्याने बाटलीतलं गार पाणी तोंडाला लावलं आणि उजवा डोळा घट्ट मिटला.

"बुधवारी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "साडेदहाला. नाहीतर मी इथे येऊन करीन."

घरी जेवताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. खोटं पकडलं गेल्यावर ते आणखी सांभाळायचा कंटाळा आला होता. "महिन्यापूर्वी मी पडले होते."

"माहितीये," नवरा म्हणाला. "आमच्याच शाळेची बस होती. सातवी ब. फळ्यावर चित्र काढलं होतं पोरांनी."

"आणि तू रोज 'पडशील' म्हणत होतास?"

"तू सांगायची वाट बघत होतो." त्याने ताटातून मान वर केली नाही. "गुडघा बरा आहे का आता?"

डॉक्टरबाईंना रागवायचं होतं, पण नेमकं कशावर ते सुचेना. "चित्र कसं होतं?" त्यांनी विचारलं.

"सायकल चांगली जमली होती. तू जरा जाड झाली होतीस."

बुधवारी सायकलवाला साडेदहाला आला. हात साबणाने घासून गुलाबी केलेले, चेहरा पांढरा. या खेपेला तो उठला नाही. खुर्चीचे दोन्ही हात मात्र त्याने असे आवळून धरले की ते उपटून येतात की काय, असं वाटावं. पाऊण तासात दाढ झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "झालं, उठा," आणि खुर्ची सरळ करायला कळ दाबली. खुर्ची किंचाळली, डावीकडे कलली आणि अर्ध्यावर अडकली.

"हे असंच होतं हिचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला."

सायकलवाल्याने काहीतरी विचारलं. अर्धं तोंड बधिर होतं, त्यामुळे ते शब्द त्या खोलीत कुणालाच कळले नाहीत. पण त्याच्या भुवया जवळ आल्या होत्या आणि आवाज खाली गेला होता. तो घसरत खाली उतरला, जमिनीवर उताणा झाला आणि कमरेपर्यंत खुर्चीखाली शिरला. एक गुलाबी हात तेवढा बाहेर आला आणि पाना मागू लागला.

डॉक्टरबाईंनी दार उघडून बाहेर बसलेल्या आजोबांना सांगितलं, "तुमच्या आधी जरा खुर्चीचा नंबर आहे."

आजोबांनी आत वाकून बघितलं. जमिनीवर दोन पाय दिसत होते, हालत नव्हते. "मी पुढच्या आठवड्यात येतो," ते म्हणाले आणि जिना उतरायला लागले.