उलटी धरलेली पाटी

मी पाटी बोलते आहे. आधीच सांगून ठेवते, मी बोलत असताना मधे कुणी मला पुसायचं नाही. आयुष्यभर तेच झालंय. लिहिलं की पुसलं. कुणी ओल्या फडक्यानं, कुणी पदरानं, आणि घाईतली माणसं तर सरळ थुंकी लावून. आज मात्र माझं पूर्ण ऐकायचं.

मी दगडाची आहे. हल्लीच्या पत्र्याच्या नाहीतर पुठ्ठ्याच्या पाट्यांतली नव्हे. लाकडी चौकट आहे आणि एक कोपरा उडालेला आहे. तीसेक वर्षांपूर्वी केसरबाईंनी मला मेहकरच्या बाजारातून आणलं, तेव्हा त्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. दर महिन्याला पगारपत्रकावर अंगठा टेकवावा लागे, त्याची त्यांना भारी चीड. गावात प्रौढांचा साक्षरता वर्ग निघाला तेव्हा नाव घालायला सगळ्यांत आधी त्याच गेल्या.

तीन महिने त्यांनी माझ्यावर एकच शब्द गिरवला, स्वतःचं नाव. शेवटचा 'ई' काही केल्या जमेना. एकदा चिडून त्यांनी मला भिंतीकडे भिरकावलं, कोपरा उडाला तो तेव्हाच. पण 'ई' जमला. पुढच्या पगाराला त्यांनी शाईची डबी बाजूला सारली आणि सही ठोकली. घरी येऊन मला पदरानं पुसलं.

नंतर मात्र माझे हाल झाले. वीस-पंचवीस वर्षं मी तूरडाळीच्या डब्यावर झाकण म्हणून पडून होते. माणसांचं काम झालं की ती वस्तूला विसरतात, आणि वर म्हणतात, जुन्या वस्तूंवर आमचा फार जीव.

मला डब्यावरून उचललं ते मंजुश्रीनं. केसरबाईंची नात, मेहकरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. बुलडाण्याला जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांची सिनेमाची स्पर्धा होती. पूर्ण सिनेमा करायचा नव्हता, सायकॉलॉजिकल थ्रिलरची फक्त सुरुवात, दोन मिनिटांची. ज्याचं दिग्दर्शन उत्तम ठरेल त्या एकाला पुण्याला तीन आठवड्यांच्या शिबिरात जागा मिळणार होती. मंजुश्रीला ती जागा हवी होती. तहानभूक विसरावी इतकी हवी होती.

ती माझ्यावर चौकटी आखायची, त्यात काडीसारखी माणसं काढायची, पुसायची, पुन्हा काढायची. मदतीला दोघं होती. मैत्रीण प्रतीक्षा अभिनयाला, आणि वर्गातला अविनाश कॅमेऱ्याला, कारण महागडा मोबाईल आणि लॅपटॉप त्याच्याकडेच होता.

"रात पाहिजे," अविनाश म्हणाला. "इजा कडाडल्या पाहिजे. मेणबत्ती पाहिजे. आन् आरसा फोडू, त्याच्यात फुटलेलं तोंड दाखवू."

"भरदुपारी घेऊ," मंजुश्री म्हणाली. "एप्रिल महिन्यात एक वाजता आपल्या गल्लीत कुत्रं तरी दिसते का? पोरगी कॉलेजातून घरी येते. दार आतून बंद. ती वाजवते. आतून आवाज येते, 'कोन?' मंग आपन काय म्हनतो?"

"मी," प्रतीक्षा पटकन बोलून गेली.

"हाव. नाव कोनीच सांगत नाही. नुसतं 'मी' म्हनतो आन् दार उघडते. पन आतून विचारलं, 'मी कोन?' ती म्हनते, 'मी प्रतीक्षा.' तं आतून उत्तर येते, 'प्रतीक्षा तं घरातच आहे.' आन् तो आवाज बी प्रतीक्षाचाच."

अविनाशनं आपले दंड चोळले. "काटा आला बे अंगावर," तो म्हणाला. मग विचारून बसला, "पन भूत कुठं आहे?" दोघीही खदखदून हसल्या.

आवाज प्रतीक्षाच्या जुन्या फोनवर घ्यायचा होता आणि चित्र अविनाशच्या. दोन्ही जुळवायला प्रत्येक शॉटच्या आधी एक टाळी लागते. बाजारातली क्लॅप परवडणारी नव्हती. मंजुश्रीचा बाप संघपाल, दारं-खिडक्या बसवायची कामं करतो. त्यानं लाकडाच्या दोन पट्ट्या घेतल्या, जुन्या न्हाणीच्या दाराची बिजागरी काढली आणि माझ्या डोक्यावर ठोकली. ठाक्!

"घे," तो म्हणाला, "आता तोंड आलं हिले."

खरंच आलं. इतकी वर्षं मी मुकी होते. आता शॉटचा नंबर, टेकचा नंबर आणि दिग्दर्शकाचं नाव अंगावर घेऊन मी कॅमेऱ्यासमोर जायची, ठाक् वाजायची आणि बाजूला व्हायची. पुढे काटछाट करताना मला काढून टाकतात हे मला नंतर कळलं. म्हणजे प्रत्येक शॉटला मी हजर, आणि सिनेमात कुठेच नाही. काय म्हणावं याला!

शूटिंग केसरबाईंच्याच घराच्या दारात होतं. दुसऱ्या दिवशी अविनाश म्हणाला, "पाटीवर दिग्दर्शक म्हनून माझं नाव लिही. मोबाईल माझा, लॅपटॉप माझा, गाडीतलं पेट्रोल बी माझंच."

"आन् डोकं?" मंजुश्रीनं विचारलं.

तो हसला. अंगठ्याला थुंकी लावली, तिचं नाव पुसलं आणि स्वतःचं लिहिलं. तिनं ओढणीनं ते पुसून पुन्हा आपलं लिहिलं. असं तीनदा झालं. माझा नुसता जीव चालला होता. अंगणात बाजेवर कुरडया वाळत घालता घालता केसरबाई हे बघत होत्या. त्या उठल्या, लेकाच्या पिशवीतून एक खिळा काढला आणि मला मांडीवर घेऊन बसल्या.

दगडावर खिळा चालतो तेव्हा काय होतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. दुखलं. फार दुखलं. पण मी हूं की चूं केलं नाही. वेडीवाकडी, पण ठसठशीत अक्षरं त्यांनी कोरली: दिग्दर्शक मंजुश्री. वरून खडू घासला आणि मला अविनाशसमोर धरलं.

"घे बापू, पूस आता."

"आजी, तुमी तं पक्कंच करून टाकलं," तो म्हणाला आणि गुपचूप मोबाईल उचलला.

शेवटचा शॉट सगळ्यांत अवघड होता. आतली कडी निघते, दार वीतभर उघडतं आणि फटीतून बाहेरच्या प्रतीक्षाचा घाबरलेला चेहरा दिसतो. सोळा टेक वाया गेले. कधी कुल्फीवाल्याचा भोंगा, कधी शेळी, कधी प्रतीक्षालाच हसू. मग मंजुश्रीनं एक केलं. 'पानी पिऊन घेऊ' म्हणाली, अविनाशला डोळ्यानं खुणावलं, आणि क्लॅप न देताच शॉट सुरू केला. दाराआडून तिनं प्रतीक्षाचाच साठवलेला आवाज लावला, "मी कोन?" बिचारी प्रतीक्षा नुसती चरकली. चेहरा पांढराफटक पडला. तोच तो शॉट!

सुरुवातीला क्लॅप राहिली तर शेवटी द्यायची, आणि तेव्हा पाटी उलटी धरायची असा नियम आहे. मंजुश्रीनं मला उलटी धरली. ठाक्. टेक सतरा. लगेच प्रतीक्षानं तिच्या पाठीत धपाटा घातला, "मेली असती ना वं मी!"

यानंतर चार दिवस अविनाश घरी बसून काटछाट करत होता. पाचव्या दिवशी कॉलेजच्या फलकावर स्पर्धेला पाठवलेल्या सिनेमांची यादी लागली. दिग्दर्शन, अविनाश. सहाय्य, मंजुश्री.

ती स्पर्धेचं काम बघणाऱ्या सरांकडे गेली. सर म्हणाले, "फॉर्म गेला आता. आणि अशा कामात नावासाठी भांडायचं नसतं, सगळ्यांनी मिळून करायचं असतं." सगळ्यांनी मिळून केलं, तर नाव एकाचंच कसं? हे तिनं विचारलंसुद्धा. सर म्हणाले, मला तास आहे.

घरी येऊन ती रागानं रडली. जेवली नाही. संघपाल म्हणाला, "जाऊ दे पोरी, पुढच्या साली पाहू."

"काऊन जाऊ दे?" केसरबाई कडाडल्या. "म्या अंगठा सोडला तो काय हिनं टेकवासाठी? चाल बुलढान्याले. पाटी बी घे संगं."

अशी मी कापडी पिशवीत बसून, चिखलीमार्गे, आयुष्यात पहिल्यांदा बुलडाण्याला गेले. सकाळी अकराला सभागृहात पडदे ओढले. पिशवीच्या तोंडातून मला पडदा दिसत होता. एकामागून एक सिनेमे सुरू झाले. रात्र, पाऊस, मेणबत्ती. सात सिनेमांत मिळून पाच आरसे फुटले.

मग आमचा आला. लख्ख ऊन, रिकामी गल्ली, बंद दार. "कोन?" "मी." सगळी कुजबुज थांबली. "प्रतीक्षा तं घरातच आहे," असं आतून आलं तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी 'अगं आई' म्हणालं. कडी निघाली. दार वीतभर उघडलं. अविनाशनं इथे पडदा हळूहळू काळा होत नेला होता. त्याच्या लॅपटॉपवर तो काळाच दिसला असणार. पण मोठ्या पडद्याला उजेड जास्त. सगळ्या शॉट्सच्या सुरुवातीची मी त्यानं नीट कापली होती. या एका शॉटला मी शेवटी होते, हे पठ्ठ्या विसरला.

आणि त्या अंधारात मी आले. बांगडीवाल्या हातात, उलटी.

"थांबवा," परीक्षक निशिगंधा मॅडम म्हणाल्या. "मागे घ्या. हां, इथे."

मी पडद्यावर थांबले. सगळं सभागृह माना वाकड्या करून मला वाचायला लागलं. खडू घासलेली केसरबाईंची अक्षरं अर्ध्या काळोखातही पांढरी दिसत होती.

"दिग्दर्शक मंजुश्री," मॅडमनी वाचलं. हातातला कागद बघितला. "इथे तर अविनाश आहे. मंजुश्री कोण?"

पिशवीवरून मंजुश्रीनं मला घट्ट धरलं होतं, तिच्या तळव्याचा घाम मला लागत होता. सर पुढच्या रांगेत होते, त्यांनी मान वळवली नाही. उठ, मी मनात म्हणत होते, उठ गं बाई. केसरबाईंनी तिला ढोसलं नाही की काही नाही. त्या नुसत्या पडद्याकडे बघत बसल्या होत्या.

मंजुश्री उभी राहिली.

"मी."

"मी कोण?" मॅडमनी विचारलं, आणि हसू दाबलं.

"मी मंजुश्री. सिनेमा माझा आहे मॅडम. मलेच दाराच्या भायेर ठेवलं."

तिनं पिशवीतून मला काढलं, डोक्यावर धरलं, या वेळी सरळ, आणि अशी वाजवली की सभागृहाच्या भिंती दणाणल्या. ठाक्!

अविनाश उठला. त्याचं तोंड उतरलं होतं. "हाव मॅडम," तो म्हणाला, "तिचाच आहे." त्या एका वाक्यासाठी मी त्याला अर्धं माफ केलं. उरलेलं अर्धं देणार नाही.

आमच्या सिनेमाला दुसरं बक्षीस मिळालं. दिग्दर्शन मात्र आमचंच उत्तम ठरलं, म्हणून पुण्याची जागा मंजुश्रीची. आज मी तिच्या बॅगेत कपड्यांच्या मधे बसून निघाले आहे. प्रतीक्षा निरोप द्यायला स्टँडवर आली होती. केसरबाईंनी निघताना माझ्या अक्षरांत पुन्हा खडू भरला, आणि डाळीच्या डब्यावर म्हणे आता थाळी ठेवणार आहेत.

तिथे चकचकीत क्लॅपा असतील. आमच्या बोलीला, माझ्या उडालेल्या कोपऱ्याला आणि न्हाणीच्या बिजागरीला हसणारेही असतील. हसू देत. एवढंच सांगते, माझ्या अंगावर जे नाव आहे ते खडूचं नाही. कुणाला खुपत असेल तर अंगठ्याला थुंकी लावावी आणि पुढे यावं.

घ्या, पुसा.