नोंदवहीचं वजन

मास्तरीणबाईंना सगळं कळत होतं, हीच तर पंचाईत होती. ज्याला कळत नाही तो निदान दुसऱ्याला विचारतो. बाई गेली एकोणीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवत होत्या आणि पदार्थाच्या अवस्था हा तर त्यांचा हातखंडा धडा. बाकं भिंतीला लावायची, मुलांना खांद्याला खांदा भिडवून उभं करायचं आणि बजावायचं, जागच्या जागी थरथरा, पाऊल उचललंत तर याद राखा. हा झाला घन. मग वर्गभर फिरा, पण एकाचा हात सुटला की दुसऱ्याचा धरा. हा द्रव. शेवटी दार उघडून म्हणायचं, पळा. वायू व्हायला सगळे एका पायावर तयार असायचे, पुन्हा घन व्हायला मात्र कुणी हाती लागायचं नाही.

अशा या बाईंच्या आईच्या खोलीत एका शनिवारी कपाटावरून जाणारा पाण्याचा नळ फुटला. आई बाजारात, बाई शाळेत. दोघी घरी येईपर्यंत कपाटातलं सगळं न्हाऊन निघालं होतं. कपडे वाळतात, त्याचं काही नाही. पण खालच्या फळीवर आईची नोंदवही होती.

आई सुईण. चाळीस वर्षं तिनं या गावातली बाळंतपणं केली आणि प्रत्येक बाळाची एक ओळ निळ्या शाईच्या पेनानं त्या वहीत लिहिली. तारीख, वेळ आणि पुढे जे मनात येईल ते. 'पायाळू, पण सज्जन.' 'बाप बेशुद्ध, बाकी ठीक.' अलीकडे आईला विसर पडू लागला होता. चुलीवर काय ठेवलंय ते आठवायचं नाही, शेजारणीचं नाव आठवायचं नाही. पण वही मांडीवर घेतली की एकेका ओळीवरून ती तासन्‌तास बोलायची. थोडक्यात, आईचं अर्धं डोकं त्या वहीत होतं, आणि ती वही आता भिजून कणकेच्या गोळ्यासारखी जड झाली होती.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पण त्या हातावर हात ठेवून बसणाऱ्यातल्या नव्हेत. पाणी घालवायचं तर उष्णता द्यायची, कण सुटतील, वाफ होऊन जातील, इतकं साधं आहे. त्यांनी हेअर ड्रायर आणला, वही मधोमध उघडली आणि गरम झोत सोडला. कण सुटले खरे. पण उडण्याआधी ते धावले, आणि धावता धावता शाईला सोबत घेऊन गेले. अक्षरं पसरली, पसरून फिकी झाली आणि पान आभाळासारखं निळं होऊन बसलं. हे एकाच पानाचं दुर्दैव असेल म्हणून बाईंनी समोरचं पान घेतलं. त्याचंही तेच झालं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तो असा.

तेवढ्यात मावशी दारात आली. आईची धाकटी बहीण, पुस्तकं बांधणारी. चौथीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेली, आणि बोटं सरसानं अशी टणक झालेली की गरम भांडं फडक्याशिवाय उचलायची. तिनं वहीकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं आणि ड्रायरची पिन उपटली.

"पाणी वहीबाहेर काढायचं ना? मग त्याला चालत जाऊ देऊ नकोस," ती म्हणाली. "चालत गेलं की वाटेतलं सगळं धुऊन नेतं. आधी जागेवर थिजव त्याला."

आणि वही फडक्यात गुंडाळून ती निघालीसुद्धा. बाई मागून, रडकुंडीला येऊन.

मावशीच्या दुकानाला लागून आइस्क्रीमवाल्याचा कारखाना होता. गाव त्याला थंडोबा म्हणायचं आणि त्यालाही ते आवडायचं. त्याच्याकडे मोठा फ्रीजर होता, आत पंखा फिरणारा, भिंतींवर बर्फ साचू न देणारा. पूर्वी कधीतरी मावशीनं ओल्या छापील कागदांचा गठ्ठा बुरशी येऊ नये म्हणून तिथे ठेवला होता आणि साफ विसरली होती. चार महिन्यांनी आठवण झाली, तर कागद कोरडे खडखडीत, एक अक्षर हललेलं नाही. का, ते तिला ठाऊक नव्हतं. असं होतं, एवढं मात्र तिनं पक्कं लक्षात ठेवलं होतं. थंडोबाचं म्हणणं, त्या फ्रीजरात उघडे ठेवलेले बर्फाचे तुकडेही झिजत जातात. वितळत नाहीत, कुणी नेत नाही, तरी लहान होतात. कित्येक वर्षं त्याचा संशय मेहुण्यावर होता.

बाई ऐकत होत्या आणि त्यांच्या अंगावर काटा आला, थंडीनं नव्हे. हे त्यांना माहीत होतं! दरवर्षी डांबरगोळी दाखवून त्या दोन मिनिटांत शिकवून मोकळ्या होत असत: काही पदार्थ द्रव न होताच वायू होतात. रांगेतली मुलं जागेवर थरथरताहेत, आणि कडेचं एखादं पोर दाराशी न येता खिडकीतूनच उडी मारून पसार. वर्गात न फिरता. कुणाचा हात न धरता. शाईचाही नाही. एकोणीस वर्षं जे तोंडानं सांगितलं ते चौथी शिकलेल्या मावशीनं डोळ्यांनी पाहून ठेवलं होतं. बाईंना स्वतःची लाज वाटली आणि मावशीचे हात धरावेसे वाटले. पण मावशीचे हात कामात होते.

तिनं वहीच्या दोन्ही बाजूंना पातळ फळ्या लावल्या, सैलसर फीत बांधली आणि वही सर्वांत थंड कोपऱ्यात, पंख्यासमोर ठेवायला लावली. झटकन थिजली तर बर्फाचे काटे बारीक होतात आणि कागद फाटत नाही, हेही तिला थंडोबाकडूनच कळलेलं, कारण आइस्क्रीमचंही तसंच असतं. ठेवण्याआधी वहीचं वजन केलं. दोन किलो तीनशे दहा ग्रॅम.

मग सुरू झालं वाट पाहणं. पी हळद आणि हो गोरी असलं हे काम नव्हतं. दर रविवारी बाई यायच्या, थंडोबा वही काट्यावर ठेवायचा, मावशी आकडा वाचायची आणि वही लगेच आत. पन्नास ग्रॅम कमी. पंचावन्न. पुढे तीस. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, ना थेंब ना वाफ, पण पाणी कणाकणानं वही सोडत होतं. बाईंना तो काटा बघताना शाळेतल्या कुठल्याही प्रयोगात आला नव्हता एवढा आनंद व्हायचा.

घरी मात्र आई रोज विचारायची, वही कुठंय? बाई सांगायच्या, वाळत घातलीय. तिसऱ्या महिन्यात आईनं विचारलं, "कसली वही?" त्या रात्री बाई जेवल्या नाहीत.

पाचव्या महिन्यात लागोपाठ दोन रविवार काटा हलला नाही. एक किलो चारशे साठ. म्हणजे जायचं ते पाणी गेलं. थंडोबा वही उघडायला निघाला, तशा बाई मध्ये पडल्या. थंडगार वही अशीच बाहेर काढली तर खोलीतल्या हवेतली वाफ तिच्यावर येऊन बसेल, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पिशवीत घट्ट बंद करून एक दिवस तशीच राहू दे. मावशीनं भाचीकडे पहिल्यांदाच जरा कौतुकानं पाहिलं आणि पिशवी आणली.

दुसऱ्या दिवशी मावशीच्या दुकानात आईला खुर्चीवर बसवलं आणि वही मांडीवर दिली. पानं सुरकुतली होती, पण अक्षरं जशीच्या तशी. आईचं बोट एका ओळीवर थांबलं. ती खुदकन हसली. "हा पोस्टमन झाला की गं. जन्मला तेव्हाही उशीरच केला होता." बाईंच्या जिवात जीव आला. आई पानं उलटत गेली, बोलत गेली, आणि मधोमध येऊन थांबली.

ती दोन निळी पानं. बाईंनी धुऊन काढलेली.

बाई म्हणाल्या, आई, हे माझ्या हातून झालं. मला सगळं कळतं असं वाटत होतं, म्हणून झालं. आईनं पान खिडकीकडे धरलं. आणि त्या निळ्या पसाऱ्यात, अगदी मधे, एक करडी ओळ उभी होती. जराही न हललेली. अक्षर आईचं नव्हतं.

"पेन्सिल आहे," मावशी पुढे वाकून म्हणाली. "ती पाण्याला भीक घालत नाही. शाईवर माझा पहिल्यापासून विश्वास नाही. त्या दिवशी ताईला लिहिता येण्यासारखं नव्हतं, म्हणून मी लिहिलं."

बाईंनी वाचलं. 'ताईला मुलगी. दुपारी पावणेतीन. आधी गप्प, मग कुणाचं ऐकेना. दोघी सुखरूप.'

"अजून तरी कुठे ऐकते," आई म्हणाली.

तिघी हसल्या, आणि हसता हसता बाईंना रडू फुटलं ते थांबेना. आईचा हात मात्र पानावरच होता. त्या करड्या ओळीच्या वर, जिथे आता नुसता निळा डाग होता, तिथे तिचं बोट रेंगाळत राहिलं.

"तुझ्या आधी दोन दिवस शिंप्याकडे जुळं झालं होतं," ती सावकाश म्हणाली. "थोरला पिवळा होता. उन्हात ठेवायला सांगितलं मी."

मावशीनं कानावरची पेन्सिल काढून भाचीच्या हातात दिली. बाईंनी डोळे पुसले आणि लिहायला घेतलं.