सोवळ्यातली आजी

सिडकोतल्या त्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या दारात कसली रेघ आखलेली नव्हती, तरी चार वर्षांच्या सईला ती बरोबर दिसायची. आजीचा नैवेद्य होईपर्यंत तिथंच थांबायचं. "लांब हो गं राजा, मी सोवळ्यात आहे," हे दमयंतीबाई इतक्या हळू, इतक्या मायेनं म्हणत की सई कधी रडलीसुद्धा नव्हती. नैवेद्य होईतो शाळेची रिक्षा आलेली असे. संध्याकाळी पुन्हा जप, पुन्हा पूजा.

एप्रिलात वैजापूरहून विहीणबाई आल्या, इंदुमतीबाई. एसटीतून आलेल्या, पदराला घामाचा वास, पिशवीत कांदे. सई धावली ती थेट त्यांच्या कडेवर.

"अगं, धुळीनं माखलेय मी. हात तरी धुऊ दे," त्या म्हणाल्या, पण पोरीला सोडलं नाहीच.

"प्रवासाचे कपडे आहेत हो," दमयंतीबाई आतूनच म्हणाल्या. "लेकराला बाधायचं."

"आजी बाधत असती तर सगळं वैजापूर दवाखान्यात असतं, विहीणबाई."

सून नीरजा आईच्या बोलण्यावर हसली. दमयंतीबाईंना ते हसणंही टोचलं.

जेवताना विषय निघाला. सईच्या शाळेला सुट्टी, नीरजाच्या ऑफिसला नाही. मग पोरीनं राहायचं कुठं? इथंच, माझ्यापाशी, असं दमयंतीबाई म्हणणारच होत्या. पण नीरजानं सईलाच विचारलं.

"वैजापूरच्या आजीकडं," सई घास गिळून म्हणाली. "तिला केव्हाही हात लावता येतो."

"घेऊन जा," दमयंतीबाई म्हणाल्या आणि ताक आणायला म्हणून आत गेल्या. ताक पानापाशीच होतं.

दुपारी माळेचा मणी पुढं सरकेना. ती बाई एवढ्या लांबून येते, सणावारी चार दिवस राहते. आणि आपण रोज दोन हातांवर. तरी पोरगी तिची.

सकाळी मुलगा हिमांशू गाडी काढायला खाली गेला. दमयंतीबाई सोवळ्यात, नैवेद्याचा भात गॅसवर. सई दाराशी आली. शिकवल्याप्रमाणे तिनं तिथूनच हात जोडले. "येते, आजी."

दमयंतीबाईंनी गॅस बंद केला, बाहेर आल्या आणि तिला उचललं.

सई ताठ झाली. दोन्ही हात तिनं अंगापासून लांब धरले. "मी नाही शिवले हं, आजी. तूच शिवलीस."

"हो बाळा, मीच शिवले."

"आई, टाकीत पाणी नाहीये," नीरजा बिचकत म्हणाली. "नळ परवा येणार. पुन्हा अंघोळ…"

"तांब्याभर असेल ना? त्यात करीन."

सईचे हात हळूहळू खाली आले. एक आजीच्या मानेवर टेकला, मग तिथंच राहिला. तिच्या खांद्यावरून दमयंतीबाईंना विहीणबाई दिसल्या. त्या पिशवीचे बंद उगाच आवळत होत्या, मान वळवून. यांनाही टोचतं तर. दमयंतीबाईंना फार बरं वाटलं, देवाच्या दारात वाटू नये इतकं.

खालून गाडीचा हॉर्न वाजला. मग पुन्हा वाजला. त्यांनी पोरीला खाली ठेवलं नाही.